दिसते तसे नसते

(शेतकरी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला जेवणानंतरची वेळ दिली आहे. सकाळी खत व्यवस्थापन झाले, तण नियंत्रण झाले. आता पोटात झुणका-भाकरी आणि शिरा आहे, मंडपात वाराही छान सुटला आहे. अशा वेळी मी तक्ते काढून बसलो तर पुढच्या चार ओळी झोपतील आणि मागच्या ओळी चहाच्या टपरीवर जातील, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज तक्ते नाहीत. आज थोडी कोडी घालणार आहे आणि काही गमतीच्या, पण खऱ्या गोष्टी सांगणार आहे. मात्र प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला एक कामाची गोष्ट बांधलेली आहे. गंमत इथेच सोडून गेलात तरी चालेल, शेपूट तेवढे घरी न्या.

उपवासाच्या ताटातील कोडे

पहिले कोडे सोपे आहे. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी खातो. तिच्यात साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, बटाटा, हिरवी मिरची आणि जिरे असतात. यांपैकी मूळ भारतातले पीक कोणते?

कुणी शेंगदाणा म्हणत आहे, कुणी मिरची. मंडळी, उत्तर असे की यातले एकही नाही! साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतला. भुईमूग तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरचीही अमेरिका खंडातली. जिरे पश्चिम आशियाकडचे, पण ते फार प्राचीन काळापासून आपल्याकडे रुळले आहे. ताटात भगर असेल तर ती मात्र आपली.

कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. ही पिके मुख्यतः त्यांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. 'बटाटा' हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला आहे. त्याआधी आपल्या कालवणाला तिखटपणा यायचा तो मिरी, आले आणि पिंपळीमुळे. आज मिरचीवाचून आपला घास उतरत नाही, पण ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी महाराष्ट्रात मिरची नव्हती.

आता शेपूट. कुणीतरी एका शेतकऱ्याने हे अनोळखी बी पहिल्यांदा लावून पाहिले असणार. नवे पीक किंवा नवे वाण आले की त्याला नावे ठेवू नका, आणि जाहिरात वाचून सगळे रानही त्याला देऊन टाकू नका. एक-दोन गुंठ्यांत लावा, शेजारी आपले नेहमीचे वाण ठेवा, आणि काढणीला दोन्हींचे वजन करा. तुमच्या स्वतःच्या जमिनीतली ही चाचणी कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी.

फूल वर, शेंग खाली

दुसरे कोडे. भुईमुगाच्या शेंगा मुळांना लागतात, बरोबर की चूक?

बरेच हात 'बरोबर'साठी वर आले. चूक! भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर, पानाच्या बेचक्यात लागते. फलधारणा झाली की तिथून एक बारीक आरी निघते, ती खाली वाकते आणि मातीत शिरते. आरीच्या टोकाला बीजांड असते, तेच जमिनीत फुगून शेंग बनते. म्हणजे हे झाड स्वतःचे मूल स्वतःच जमिनीत पुरते.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. शेंग पोसायला कॅल्शियम लागते, आणि ते मुळांकडून शेंगेपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. मातीतली शेंग ते आपल्या टरफलातून स्वतः शोषून घेते. आई जेवली तरी बाळाला वेगळा घास भरवावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून तर जिप्समची शिफारस हेक्टरी २०० किलो पेरणीच्या वेळी आणि तेवढेच आऱ्या सुटताना, झाडाच्या बुंध्याजवळ द्यावे, अशी असते. मुळाशी भरपूर खत घालूनही शेंगा पोचट निघतात, त्याचे एक कारण इथे सापडते. आऱ्या जमिनीत शिरू लागल्या की कोळपणी बंद करावी, हेही त्यामुळेच. त्या वेळी कोळपे चालवणे म्हणजे पुरलेले धन आपल्याच हाताने उकरणे. पीक ४० ते ५० दिवसांचे झाले की त्यावरून रिकामा पिंप फिरवतात, तेही आऱ्यांना मातीपर्यंत पोहोचायला मदत व्हावी म्हणून.

उंबराचे फूल

फार दिवसांनी पाहुणा दारात आला की आपण म्हणतो, "तुम्ही म्हणजे उंबराचे फूल झालात!" उंबराचे फूल कुणी पाहिले नाही, म्हणून ही म्हण पडली. प्रत्यक्षात उंबराला फुले ढिगाने येतात. आपण ज्याला उंबर म्हणतो, ती फुलांची बंद पिशवी आहे. फुले आतल्या बाजूला आहेत, म्हणून दिसत नाहीत. उंबर फोडला की बारीक केंबरे उडतात. त्यांत उंबराच्या फुलांचे परागीभवन करणारी चिलटासारखी गांधीलमाशी असते. ती टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते, पराग पोहोचवते आणि तिथेच अंडी घालते. तिच्यावाचून उंबराला बी नाही आणि उंबरावाचून तिला घर नाही. अंजीर उंबराचाच भाऊबंद, पण आपला पुणेरी अंजीर परागीभवनाशिवाय धरतो. त्यात हे किडे नसतात, तेव्हा तो निर्धास्त खा.

फुलाला पाहुणा लागतो, ही गोष्ट माणसाने कशी किंमत मोजून शिकली पाहा. व्हॅनिला हे मेक्सिकोतले वेलवर्गीय पीक. युरोपियनांनी ते हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नेऊन लावले. वेल वाढले, फुले आली, पण शेंगा धरेनात, कारण तिथे या फुलाचे परागीभवन करणारी माशी नव्हती. शेवटी १८४१ साली एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या मुलाने बारीक काडीने आणि अंगठ्याने फुलाचे परागीभवन करण्याची सोपी युक्ती शोधली. तो मुलगा गुलाम होता. आजही केरळ-कर्नाटकातले व्हॅनिला उत्पादक त्याच युक्तीने एकेक फूल हाताने फळवतात.

दुसरी हकिकत मलेशियातली. तिथे तेलताडाच्या मोठमोठ्या बागा होत्या, पण फळधारणा कमी होती. तेलताडाचे परागीभवन वाऱ्याने होते, असे जाणकारांचे मत होते. म्हणून मजूर लावून हाताने पराग टाकत. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये काम करून आलेल्या लेस्ली डेव्हिडसन या मळेवाल्याला मात्र एक गोष्ट खटकत होती. कॅमेरूनमध्ये तेलताडाच्या फुलांवर बारीक सोंड्यांची गर्दी असे, आणि मलेशियात एकही सोंडा दिसत नसे. त्याने विचारले, हे काम वाऱ्याऐवजी किडे तर करत नसतील ना? रहमान सय्यद या कीटकशास्त्रज्ञाने कॅमेरूनमध्ये जाऊन अभ्यास केला आणि शंका खरी ठरली. पूर्ण तपासणी करून १९८१ साली ते सोंडे मलेशियात सोडले. फळधारणा वाढली आणि हाताने पराग टाकायचे काम संपले. मंडळी, इथे जाणकार चुकले होते आणि रोज बागेत फिरणाऱ्या माणसाचे डोळे बरोबर होते.

माझी एक चूक

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण तसाच धडा मलाही मिळाला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका शेतकऱ्याच्या कलिंगडाच्या प्लॉटवर गेलो होतो. वेल फुलावर होते आणि पानांवर मावा-फुलकिडे होते. मी औषध सांगितले, प्रमाण सांगितले. "कधी मारू?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "उद्या सकाळीच मारून घ्या, उशीर नको." औषध बरोबर होते, प्रमाण बरोबर होते, वेळ मात्र चुकली होती.

कलिंगडाच्या वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे असते. मादी फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. त्याचे सारे आयुष्य तेवढेच. त्या चार-सहा तासांत मधमाश्यांनी नर फुलावरचा पराग पुन्हा पुन्हा आणून पोहोचवला तरच फळ धरते. पराग कमी पडला तर फळ वेडेवाकडे होते. नेमक्या त्याच वेळी त्यांनी, माझ्या सांगण्यावरून, दोनदा फवारणी केली.

पंधरा दिवसांनी गेलो, तर वेल हिरवेगार होते आणि फळे मोजकी होती. त्यातलीही बरीच एका बाजूला दबलेली. मी खताचे, पाण्याचे विचारू लागलो. तेव्हा बांधावर बसलेल्या त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "साहेब, त्या फवाऱ्यापासून फुलावर माशीच दिसंना." मी शिकलेला माणूस फळाकडे बघत होतो. कारण दिसले होते त्यांना. त्या वर्षी व्यापाऱ्याने निम्मा माल बाजूला काढला, आणि विहिरीवरच्या मोटारीचे राहिलेले पैसे त्या कुटुंबाला पुढच्या हंगामापर्यंत थोपवून ठेवावे लागले. मला ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

तेव्हापासून मी प्रत्येक मेळाव्यात हे सांगतो. पीक फुलावर असताना शक्यतो फवारणी टाळावी. करणे भागच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी, आणि मधमाश्यांना कमी घातक औषध विचारून घ्यावे. शेजाऱ्याच्या बांधावर मधपेट्या असतील तर त्याला आदल्या दिवशी सांगावे. काकडी, भोपळा, सूर्यफूल, डाळिंब, कांद्याचे बियाणे, सगळीकडे हाच नियम. चीनच्या सिचुआन प्रांतात हानयुआन भागातले नाशपाती उत्पादक झाडावर चढून, काठीला पिसे बांधून एकेक फूल पुसतात. तिथे औषधांच्या जादा वापराने परागीभवन करणाऱ्या माश्या उरल्या नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण आहे. माशी जे काम फुकट करते, ते मजुरी देऊन करायची पाळी आपल्यावर येऊ नये.

शत्रू कोण, मित्र कोण

चीनमधलीच आणखी एक हकिकत. १९५८ साली तिथल्या सरकारने उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या हे चार शत्रू ठरवले. चिमणी दाणे खाते, म्हणून तिचा नायनाट करायचा. गावेच्या गावे थाळ्या, डबे बडवत बाहेर पडली. चिमणी कुठेही बसू द्यायची नाही, थकून खाली पडेपर्यंत उडवत ठेवायचे. अशा असंख्य चिमण्या मेल्या. पण चिमणी दाण्यांबरोबर किडेही खाते, आणि पिल्लांना तर किडेच भरवते, याचा विसर पडला होता. चिमण्या गेल्या आणि पिकांवर किडींचा जोर वाढला. त्या काळच्या दुष्काळाला दुसरी मोठी कारणेही होती, पण चिमण्या मारल्याने नुकसानीत भरच पडली. शेवटी १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढले आणि तिच्या जागी ढेकणाचे घातले!

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात कापसासारख्या पांढऱ्या खवले किडीने संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त होत होत्या. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियातली. तिथे ती फारशी उपद्रव देत नाही, याचा अर्थ तिला तिथे कुणीतरी खात असणार, हे ओळखून १८८८ साली आल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियात पाठवले. त्यांनी ढालकिड्याच्या जातीतला एक लाल-काळा भुंगेरा शोधला. पहिल्या काही खेपांत पोहोचले ते मोजून १२९ भुंगेरे. त्यांची संतती बागाबागांत सोडली आणि दीड-दोन वर्षांत कीड आटोक्यात आली.

हे परदेशातले झाले. आपल्याकडे २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. तेव्हाचे पांढरे फड ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. उंच वाढलेल्या उसात शिरून फवारणी तरी कशी करायची? पुढे डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस हे मित्रकीटक फडात वाढले. विद्यापीठांनी, कारखान्यांनी आणि शेतकऱ्यांनी ते एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले. मावा आटोक्यात आला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. डिफाची अळी पाहून "ही आणखी एक अळी" म्हणून ज्यांनी फवारा मारला, त्यांनी मात्र आपल्याच राखणदाराला ठार केले.

पण प्रत्येक आणलेला मित्र मित्रच निघतो असेही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसाला आपल्या हुमणीच्याच कुळातल्या भुंगेऱ्याचा त्रास होता. त्याला खायला म्हणून १९३५ साली हवाईहून शंभरेक मोठे विषारी बेडूक आणले. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर आणि बेडूक जमिनीवर! भुंगेरे राहिले तसेच, आणि बेडूक मात्र वाढत वाढत तिथली नवी आपत्ती होऊन बसले. म्हणून कुणी काही खात्रीचा उपाय म्हणून हातात दिले, तर आधी विचारा, कीड कुठे राहते, केव्हा बाहेर पडते, आणि हा उपाय तिथपर्यंत पोहोचतो का?

आपल्या हुमणीलाच हा प्रश्न लावून पाहा. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर गोळा होतात. त्या वेळी फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत, गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एकट्याने करून उपयोग थोडा, साऱ्या गावाने एकदम केले तर अळी पडण्यापूर्वीच अर्धे काम होते.

गांडुळापुढे वाजवलेला पियानो

शेवटची गंमत. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे नाव आपण ऐकले आहे. त्यांनी आयुष्याचे शेवटचे पुस्तक कशावर लिहिले? गांडुळावर! ते १८८१ साली प्रसिद्ध झाले. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी त्यांनी घरात कुंड्यांमध्ये गांडुळे ठेवली, त्यांच्यापुढे शिट्टी फुंकली, मुलाला वाद्य वाजवायला लावले, पियानो वाजवला. गांडुळे ढिम्म! मग कुंडी थेट पियानोवर ठेवून सूर वाजवला, तर गांडुळे झटकन बिळात शिरली. त्यांना आवाज ऐकू येत नाही, हादरा मात्र तत्काळ कळतो.

पण हा म्हाताऱ्याचा खेळ नव्हता. गांडुळे पोटातून काढून वर टाकतात ती माती त्यांनी मोजली, आणि इंग्लंडच्या पुष्कळ भागांत ती एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त भरते, असा हिशेब मांडला. बैल नाही, डिझेल नाही, मजुरी नाही, आणि एवढी माती उलथली जाते.

हे शेपूट ऊसवाल्यांसाठी. गांडुळाचे खाणे म्हणजे कुजणारा पालापाचोळा. आपण ऊस तुटला की काडी ओढून पाचट पेटवतो. रान स्वच्छ दिसते, पण दिसते तसे नसते. त्या धुरात जमिनीचे अन्न जाते आणि वरच्या थरातली जिवंत सृष्टी भाजून निघते. त्यापेक्षा पाचट सरीत दाबा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाका, वर ओल राहू द्या. पहिल्या वर्षी सगळे जमत नसेल तर निम्म्या रानात करा, आणि पुढच्या पावसाळ्यात दोन्हीकडे एकेक खोरे माती उकरून गांडुळे मोजा.

मंडळी, माझी वेळ संपत आली. आज आपण परदेशी खिचडी खाल्ली, उंबराचे फूल पाहिले, बेडकांची फजिती ऐकली. या सगळ्यांत धागा एकच. फूल आत होते, शेंग खाली होती, मित्र शत्रूसारखा दिसत होता, आणि काम करणारा मातीखाली होता. नुसत्या वरवरच्या दिसण्यावर निर्णय घेतला तिथे नुकसान झाले. कुणीतरी थांबून 'असे का?' विचारले, तिथे फायदा झाला. तो प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. तेलताडाच्या बागेत तो एका मळेवाल्याने विचारला, आणि कलिंगडाच्या बांधावरचे उत्तर मला एका बाईंनी दिले.

तेव्हा उद्या सकाळी पंप पाठीला लावण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते रानात उभे राहा. फुलांवर कोण बसले आहे, पानाखाली कोण कुणाला खात आहे, ते पाहा. काही वेगळे दिसले तर ते पान किंवा तो किडा बाटलीत घालून आमच्याकडे घेऊन या. आणि आम्ही सांगितलेला सल्ला तुमच्या डोळ्यांना पटत नसेल, तर गप्प बसू नका, तोंडावर सांगा. त्यात तुमचे पीक वाचेल आणि आमचेही शिक्षण होईल.

 आता चहा तयार आहे, असे समजते.